काका गोड बोलले ती सकाळ

घरात अडुळशाचा काढा उकळू लागला की मी मनाने थेट कसब्यातल्या वैद्यबुवांच्या पडवीत जाऊन पोचतो. काही वर्षांपूर्वीच्या त्या थंडीत खोकल्या-तापाची साथ होती आणि पडवीभर रोगी घोंगड्यांत गुरफटून खोकत पडले होते. त्यांत आमचे काकाही होते. श्रीमंतांच्या दफ्तरातले कारकून, पण तोंडाने तलवारबहाद्दर! आयुष्यात कुणाशी सरळ बोलले नव्हते. रोज सकाळी वैद्यबुवा सगळ्यांमधून फिरत आणि कोण सावरतोय, कोण बिघडणार ते ओळखत.

त्या सकाळी मी शिजवून नेलेला मऊ भात खाऊन काका म्हणाले, "छान झालाय हो. तुला उगीच त्रास." मी हरखलोच. "आजाराने काका सुधारले!" असं मी वैद्यबुवांना मोठ्या अभिमानाने सांगितलं.

शेजारचा रोगी काढ्याच्या नावाने शंख करत होता. त्याला सोडून वैद्यबुवा काकांची नाडी धरून बसले. "ह्यांना आत शेगडीजवळ घ्या. पुण्याचा माणूस गोड बोलू लागला, की मला धडकी भरते."

संध्याकाळी काकांना धाप लागलीच. वैद्यबुवा त्यांची छाती शेकत, चाटण देत उशाशी बसून राहिले. अखेर एका सकाळी काकांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा भात खायचा, की भिंतीला लिंपायचा?"

मी आनंदाने ढसाढसा रडलो.

आज खोकला मला झालाय. मघाशी मी "काढा उत्तम झालाय" म्हटलं, तर आमच्या हिने हातातली पळी टाकली आणि माझ्या भावाला तडक वैद्यांकडे पिटाळलं.