पगारेबाईंनी दिलेली कोरियाची चटणी

९ एप्रिल १९८९. सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडते आहे. वर्षाचा मसाला उद्या गिरणीतल्या डंकावर कुटायला न्यायचा, म्हणून हे आज उरकायलाच हवं. बोटं पेटली आहेत, नाक वाहतं आहे, आणि मध्येच उठून, हात धुऊन मी हे लिहायला बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे तर मुळीच नाही – तिथे मी दुसऱ्याच गोष्टी मागते.

तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीची बाई असती तर म्हणाली असती, "अगं, एवढंसं ते, कशाला मनाला लावून घेतेस." तुम्ही तसं म्हणू नका. समजूत घालणाऱ्या बायकांचा मला राग येतो. मी स्वतः त्यातलीच होते. गोड बोलून समोरचीचं तोंड बंद करायचं, हे मला चांगलं जमायचं.

गोष्ट चटणीची आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

द्वारका चौकाच्या अलीकडे आमची सरकारी क्वार्टर्सची वसाहत. उन्हाळा लागला की पापड. एकटीनं लाटून कुणाचे होतात? म्हणून एकेक दिवस एकेकीच्या घरी. सगळ्याजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायच्या. जिचं घर तिनं उडदाचं पीठ भिजवायचं, तेलाचा हात लावून कुटायचं, दोऱ्यानं लाट्या कापून द्यायच्या. आणि उठताना तिनं सगळ्यांना लाट्या खायला द्यायच्या, कच्च्या, तेलात बुडवून. ते खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. कुणाचा दिवस कधी, हे मी ठरवायचे. मला कुणी नेमलं नव्हतं. पण मी ठरवायचे.

पगारेबाई समोरच्या क्वार्टरमध्ये दोन उन्हाळे काढून होत्या. नाव कमल; ते मी कधी घेतलं नाही. त्यांचे मिस्टर आमच्या ह्यांच्याच ऑफिसात, ह्यांच्यापेक्षा एक पायरी वर. ते बौद्ध. हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारायचं नाही. "त्यांच्यात", "त्यांच्याकडे" असं म्हणायचं, आवाज जरा खाली आणून. एवढं पुरायचं.

त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. नुसतं बोलावलं नव्हतं. फरक कळतो ना? मला चांगला कळत होता. त्या आमच्याकडे येऊन लाटून गेल्या असत्या तर चाललं असतं. फुकटचा हात कुणाला नको? पण एकदा त्या आल्या की त्यांचाही दिवस लावावा लागणार. म्हणजे त्यांच्या घरात मांडी घालून बसायचं, त्यांनी कुटलेलं पीठ लाटायचं, आणि शेवटी त्यांच्या हातच्या लाट्या खायच्या. तिथे अडत होतं. कुणाचं? इतरजणींचं थोडंफार. माझं पुरतं.

आठ वर्षांपूर्वी होळीनंतर त्यांनीच मला नळावर गाठलं. "ताई, यंदा माझाही एक दिवस लावा. पापड माझे पातळ होतात, बघाल तुम्ही." सरळ विचारलं. लाजणं नाही, अजिजी नाही. मला ती सरळ मान आवडली नाही. मी म्हटलं, "बघू हं." हे "बघू" मी फार लोकांना म्हटलेलं आहे.

आणि तेवढ्यात ती चटणी आली.

त्यांचा भाऊ फिटर. आखातात नोकरीला होता, एका कोरियन कंपनीकडे. वाळवंटात बांधकाम, तंबूसारख्या खोल्या, आणि जेवायला कोरियन आचारी. सुट्टीवर येताना त्यानं ब्लँकेटं आणली, टेपरेकॉर्डर आणला आणि त्या आचाऱ्यानं दिलेला एक भलामोठा डबा, मिरचीच्या चटणीचा. पगारेबाईंनी ती काचेच्या बरण्यांत भरून तीन घरी दिली. कुलकर्णी वहिनींना, खालच्या मजल्यावरच्या शैला शिंदेला आणि मला. दारातच उभ्या राहून मला सांगितलं, "तांदूळ, सोयाबीन आणि मिरची एकत्र आंबवतात, उन्हात ठेवतात महिनोन् महिने. तुम्हाला स्वयंपाकाची हौस, म्हणून आणली. वांग्याच्या रश्शात चमचाभर घालून बघा." आणि जाता जाता, "मासे-मटण काही नाही हं त्यात. मी भावाला आधी विचारून घेतलं."

आधी विचारून घेतलं. म्हणजे मी काय म्हणणार ते तिनं आधीच ओळखलं होतं. याचाच मला राग आला. विचित्र वाटतं का? तिनं विचारलं नसतं तर त्याचाही आलाच असता.

मी बरणी घेतली. नको म्हणायची हिंमत नव्हती. आत जाऊन ती मांडणीच्या मागे, रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवली. घरात कुणाला सांगितलं नाही. फेकायची होती, पण खाली टाकली तर दिसली असती. म्हणून राहिली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी घरात एकटी होते. नुसतं झाकण उघडून वास घेतला. मग बोट लावलं. दाट, चकचकीत, काकवीसारखी तार धरणारी, पण लालभडक. आधी गोडसर लागली. मग खारट, मग काहीतरी मुरलेलं, जुनं. तिखट सगळ्यात शेवटी आलं, सावकाश, आणि जाईना. मी आयुष्यभर मसाले केले आहेत. आमच्या घरच्या काळ्या मसाल्याची चव माहेरी-सासरी वाखाणतात. पण अशी चव माझ्या हाताला कधी आली नव्हती. हे मला तिथेच, मांडणीपाशी उभ्या उभ्या कळलं.

मग रोज. दुपारी हे ऑफिसात, मंगल शाळेत. मंगल माझी मुलगी, तेव्हा तिसरीत होती. मी बाजरीची भाकरी गरम करायची, वर चटणी, आणि दार लावून खायची. खाऊन झालं की तोंड धुवायची – साबणानं! आणि बरणी परत रॉकेलच्या डब्यामागे. चोरून खाल्लेल्या गोष्टीची अशी गोडी मला लहानपणीही लागली नव्हती.

इकडे शैला शिंदे. देवळ्याकडची, सडेतोड पोरगी. तिनं ती चटणी कांद्याच्या झुणक्यात घातली आणि जिन्यात, सगळ्यांसमोर, म्हणाली, "नलूताई, लय भारी लागते! आमच्या ह्यांनी चार भाकरी हाणल्या. पगारेबाईंचा दिवस कधी लावताय? मी तर जाणारच." कुलकर्णी वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "खरंच, लावू या की. काय हरकत आहे?"

काय हरकत आहे! किती सहज म्हणाल्या. आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

आता मी जे केलं ते सांगते. इतका वेळ मी भोवतीच फिरते आहे, माझ्या लक्षात येतंय.

मंगलला आदल्या संध्याकाळी उलट्या झाल्या होत्या. शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा खाल्ला होता, तिनंच मला रडत सांगितलं होतं. ते मला नक्की माहीत होतं. चटणीची बरणी तर तिनं पाहिलीसुद्धा नव्हती. आणि मी त्या जिन्यात म्हटलं, "मी बोलणार नव्हते. पण माझी मंगल काल संध्याकाळपासून उलट्या करते आहे. ती चटणी खाल्ली आणि लगेच. नासलेली आहे, दुसरं काय? आंबवतात म्हणे. त्यांच्यात चालत असेल." आणि शेवटचं वाक्य आवाज खाली आणून म्हटलं.

शैलाच्या कडेवर तान्हं मूल होतं, तिनं ते जरा घट्ट धरलं. बस. तेवढ्यानं काम झालं. संध्याकाळी कचराकुंडीत दोन बरण्या पडल्या होत्या, एक फुटलेली. लाल चटणी विटांवर सांडलेली. पगारेबाईंना आपल्या ओट्यावरून ती कुंडी समोरच दिसायची.

मी घाबरून बोलले का? नाही. रागाच्या भरात? तेही नाही. मी शब्द निवडून बोलले. पोर आजारी म्हटल्यावर कुणी उलट विचारत नाही, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मला वाटलं मोलकरीण आली. मी उठून दार उघडलं, आणि दारात पगारेबाई. हातात शहाळं. चेहरा उतरलेला. "ताई, मंगल कशी आहे? मला आत्ता कळलं. आम्ही सगळे खातो हो ती, मुलंपण खातात, कुणाला काही झालं नाही – पण लहान जीव, नसेल सोसली. माझीच चूक झाली. मला माफ करा."

तिनं माफी मागितली. आणि मी ती घेतली. "असू दे, होतं असं," म्हणाले. ऐकलंत ना? मी तिला मोठ्या मनानं क्षमा केली.

तिची नजर माझ्या मागे गेली. जमिनीवर ताट होतं. त्यात अर्धी भाकरी, तिच्यावर लाल चटणी, आणि शेजारी बरणी. तळाशी थोडी उरलेली.

मग तिचा चेहरा बदलला. दुखावल्यासारखा नाही, तसा झाला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात नासकी भाजी बघून पुढे जावं तसं. शहाळं तिनं दिलं नाही, हातातच ठेवलं. म्हणाली, "संपली की सांगा, ताई. आणखी आहे."

आणि गेली.

संध्याकाळी मी दिवस ठरवायला सगळ्यांना बोलावलं. पहिला माझ्याकडे, दुसऱ्याच दिवशी. शैलानं तरीही विचारलंच, "आणि पगारेबाई? चटणीचं राहू द्या, पापडाला काय झालं?" मी म्हटलं, "मी दुपारी विचारलं त्यांना. त्याच नको म्हणाल्या. फार ताठा आहे हो बाईला." हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. जीभ अडली नाही.

पुढे चार वर्षं ती समोर राहिली. तिनं कुणाला सांगितलं नाही. मी वाट पाहायची, आज सांगेल, उद्या सांगेल. सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं असतं का? मी होतेच ना, डोळे पुसत मुलीचं आजारपण सांगायला. ती बोलत नव्हती म्हणून मी तिचा आणखी द्वेष केला. मग त्यांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. खाली गेले नाही.

आणि मंगल? ती आता अकरावीत आहे. परवा सांगत होती, वर्गातली मैत्रीण डबा पुढे करते, पण ही घेत नाही. "मला त्यांच्याकडचं सोसत नाही ना आई. लहानपणी नव्हतं का बाधलं मला?" अगदी सहज म्हणाली, पुस्तकातून डोकं वर न काढता. उलट्या तिला आठवतात. बर्फाचा गोळा आठवत नाही. मी जिन्यात सांगितलेली गोष्ट तिला स्वतःचीच आठवण वाटते. मी तेव्हा कणीक मळत होते. मळत राहिले. अजून तिला काही सांगितलेलं नाही.

एक राहिलं. पापडाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ती माझ्या दारातून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी सगळ्यांच्या आधी उठले. बरणीच्या तळाशी उरलेली चटणी बोटानं पुसून खाल्ली. बरणी राखेनं घासली, धुतली, कोरडी केली. कुणाकडून आलेलं भांडं आपल्याकडे रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. माझ्या आईनं हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. साखरेचा डबा ओट्यावरच होता. मी ती रिकामी बरणी समोर नेऊन पगारेबाईंच्या उंबऱ्याशी ठेवली, घरी आले, हाताला तेल लावलं आणि पीठ कुटायला घेतलं.