पाटातली उष्टी ताटं

नामपूरच्या अलीकडे नदीवर आमच्या गावाचा जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या पाटाचं पाणी सगळं गाव पाळीपाळीने घेतं. या पद्धतीला आम्ही फड म्हणतो. माझे काका पाटकरी, म्हणजे ज्याच्या त्याच्या शेतात पाणी सोडणारे.

गेल्या हिवाळ्यात ‘गावाला सोबत घेऊन फड वाचवू’ असा कार्यक्रम करायला नाशिकहून पाहुणे आले. त्यांनी पाणी बंद करायला लावून मांडव नेमका पाटाच्या तोंडाशी घातला. काकांना भाड्याचा फेटा बांधून, हातात फावडं देऊन फोटोला उभं केलं. काका माइकवर म्हणाले, “बंधाराले भगदाड पडेल शे...” भगदाड खरंच पडलेलं होतं, पण निवेदिकेने हसत माइक काढून घेतला. “बाबा, वेळ कमी आहे हं!”

जेवणं झाल्यावर उष्टी ताटं सरळ कोरड्या पाटात पडली. शेवभाजीचा तेलकट रस्सा तळाशी साचला, त्यात कुत्री उतरली. मला शिसारी आली. काकू मुख्य पाहुण्यांच्या गाडीसमोर उभी राहिली.

“हाऊ आमना पाट शे, उकिरडा नही. उचला नी मंग जा.”

“उद्या माणसं पाठवतो, मावशी,” म्हणत त्यांनी काच वर केली.

कुणी आलं नाही. शेवटी आम्हीच पाटात उतरलो. आंबलेल्या वासाने मी दोनदा ओकलो. भरलेल्या गोण्या पिकअपमध्ये घातल्या आणि नाशिकला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या कार्यालयाच्या दारात नेऊन ओतल्या.

वॉचमन नाक दाबून ओरडला, “ही कसली घाण?”

“तुमच्या साहेबांची,” मी म्हणालो आणि गाडीत बसलो.