रंगाखालचा पत्रा

माझी धाकटी सून गाड्यांमध्ये गाण्याची यंत्रं बसवते. आधी मीच नाक मुरडलं होतं. आता दुसऱ्या कुणी मुरडलं तर मी त्याला दारात उभं करत नाही.

मला जेमतेम लिहितावाचता येतं, पण तिचं ऐकून ऐकून एवढं कळलंय: बॅटरी पुढे, आवाज वाढवणारा अ‍ॅम्प मागे डिकीत, आणि मधली वायर बारीक असली की वीज वाटेतच दमते. वरच्या मजल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार यावी, तसं. म्हणून ती जाड तांब्याची वायर ओढते.

त्या दिवशी तिचा डबा घरी राहिला, म्हणून मी दुकानात गेले. एक टॅक्सीवाला वैतागून उभा होता. गाण्यात ढोल वाजला की त्याच्या अ‍ॅम्पवरचे दिवे मिचमिचायचे. दुकानाच्या मालकाने दोनदा बॅटरी बदलून दिलेली, आता तिसरी उचलून आणत होता.

"ठेवा ती खाली," सून म्हणाली. "बॅटरी बिचारी धडधाकट आहे. अ‍ॅम्पची परतीची वायर गाडीच्या पत्र्याला लावायची, ती रंगावर कसलीय. रंगामुळे वीज नीट जात नाही. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बसवते."

मालकाचा दंडक होता, गिऱ्हाइकाच्या गाडीला ओरखडा नाही. म्हणून सगळे कारागीर मुकाट्याने रंगावरच बोल्ट पिळायचे.

"खरवडलंस तर उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाला.

लेकाने पाठदुखीने अंथरूण धरल्यापासून आमची चूल हिच्याच हातावर पेटते.

तिने गाणं मोठ्याने लावलं. मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरी त्या बोल्टला लावली. काटा नाचायला लागला.

"बघा. परतीच्या वाटेवर हा हलायलासुद्धा नको."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. काय बोलणार होते कोण जाणे, पण तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे काय बघतेस? खरवड!"

डिकीतला गालिचा उचलून तिने रुपयाएवढी जागा चकचकीत घासली, वायर कसली, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस फासलं. पुन्हा ढोल वाजला. दिवे जागचे हलले नाहीत.

"मग मी बॅटऱ्या काय उशाला घ्यायला घेतल्या?" टॅक्सीवाला मालकावर उखडला.

मालक लालबुंद झाला. "मी काय सांगितलं होतं तुला?"

"ऐकलंय की. उद्यापासून येत नाही." तिने आपली हत्यारं पिशवीत भरली.

वाटेत तिने विचारलं, "आई, चुकलं का हो माझं?"

"चुकलं. एखादा पान्हा त्याच्या पायावर सोडून यायला हवा होतास."

आठवड्याने मालकाचा निरोप आला: परत ये, पण दंडक तोच. तिने उलट सांगून पाठवलं: मग माझंही तेच, खरवडणारच.

मी अंगणातली कपड्यांची दोरी सोडली. तिथे आता गाड्या उभ्या राहतात. टॅक्सीवाल्याने आपले चार भाऊबंद धाडले, त्यांनी आणखी धाडले. शेजारीण म्हणाली, "अहो, बाईमाणसाने असं सगळ्यांदेखत डिकीत डोकं घालून बसावं का?"

मी म्हटलं, "बसणार. आणि काल विचारलीस ती जावयाची गाडी दुपारनंतर आण, सकाळी जागा नाही."