मैदानात राहणाऱ्या मावशी

मावशींचं घर नकाशावर नाही. नकाशावर तिथे मोकळं मैदान आहे, मैदानाच्या मधोमध एक हिरवा ठिपका आहे आणि ठिपक्याखाली लिहिलंय, ‘संकटकाळी येथे जमावे’. नकाशा छापून येईपर्यंत मैदान विकलं गेलं होतं, घर उभं राहिलं होतं आणि ठिपक्याच्या नेमक्या जागी मावशींचे यजमान खुर्चीत बसलेले होते.

यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांना वर नेलं आणि शेवटी एका रिकाम्या खड्ड्यातून स्वतः खाली आले. तेव्हापासून कमरेखालचं शरीर त्यांच्याबरोबर नुसतं सोबतीला असतं. माणूस धिप्पाड, खुर्ची लोखंडी, तीही त्यांनीच बनवून घेतलेली. मावशींची चण अशी की बाजारातून येताना पिशवीच त्यांना घेऊन येतेय असं वाटावं.

“यांना उचलायला चार माणसं लागतात,” त्या म्हणायच्या. “वेळेवर चार हवीत, तर आधी अख्खी गल्ली शिकवून ठेवायला हवी.”

म्हणून त्या आपत्तीच्या कामात स्वयंसेविका झाल्या. इतर लोक अशा कामाला समाजसेवा म्हणतात. मावशींनी ते कधी म्हटलं नाही.

‘येथे जमावे’ लिहिलेली हिरवी पाटी घेऊन पालिकेचे साहेब आले, तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. “साहेब, इथे घर आहे.”

“दिसतंय ना,” साहेब म्हणाले. “पण नकाशा मंजूर आहे. घराचं काय, घर आज आहे.”

“मग यांना बाहेर कोण काढणार?”

“बाहेर कशाला? ते जमण्याच्या जागीच आहेत. अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतका सुरक्षित माणूस नाही.”

पाटी दाराशेजारी ठोकली गेली. ठोकताना हातोडा मावशींनीच आणून दिला.

त्यानंतर आमचे सराव असे व्हायचे. भोंगा वाजला की मावशी घराबाहेर पडायच्या, कारण घर सोडणं हा पहिला नियम. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन शिट्टी फुंकायच्या, सगळ्यांना रांगेत लावायच्या आणि स्वतःच्या घरी घेऊन यायच्या. शिट्टीवाल्याने रांगेत शेवटी चालायचं, कुणी मागे राहू नये म्हणून. त्यामुळे स्वतःच्या घरात त्यांना बहुधा जागा मिळायची नाही. शिंपी कपडे धुण्याच्या मशीनला टेकून, शिकवणीच्या बाई जिन्याखाली, मी खिडकीशी. यजमान मधोमध, लिफ्टमध्ये जास्त माणसं शिरल्यावर जसं बघावं तसं आमच्याकडे बघत.

“भरलं का मैदान?” ते विचारायचे.

“भरलं काका. जरा गुडघे आवरा,” शिंपी म्हणायचा.

“माझ्या हातात असतं तर तुला लाथच घातली असती.”

सगळे हसायचे. मावशी उंबऱ्याबाहेरून म्हणायच्या, “आलाच आहात तर एकदा यांना उचलून बघा.”

“उचलून न्यायचं कुठे मावशी? जिथे आणायचं तिथेच तर आहेत.”

मग मावशींनी युक्ती काढली. सरावाच्या आदल्या दिवशी यजमानांना शिंप्याच्या दुकानात पाहुणे म्हणून ठेवायचं, म्हणजे तिथून त्यांची सुटका करून लोकांना घरी आणावंच लागेल. शिंपी तयार झाला. यजमानसुद्धा “बघू” म्हणाले. पण दुकानात न्यायला चार माणसं हवी होती आणि सराव सुरू झाल्याशिवाय चार माणसं जमत नव्हती. युक्ती तिथेच बसली, यजमानांच्या शेजारी.

नंतर एका दुपारी, मावशी गल्लीच्या त्या टोकाला बेकरीवाल्याला आग विझवायचं नळकांडं कसं धरायचं ते शिकवत असताना, त्यांच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला. फ्रिजमागची वायर पेटली होती. मावशींनी धूर पाहिला आणि शिट्टी फुंकली. विचाराने नाही, सवयीने.

आम्ही बाहेर आलो. रांग लागली. रांग मावशींच्या घराकडे निघाली.

“आत शिरून थांबू नका! त्यांना बाहेर काढा!” त्या मागून ओरडत होत्या. पण शिट्टीनंतर कुणी काहीही ओरडलं तरी ऐकायचं नाही, ती अफवा असू शकते, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. गल्ली अरुंद. पुढे जायला त्या धडपडत होत्या आणि लोक आदराने त्यांना मागे ढकलत होते. “मावशी, तुमची जागा शेवटी.”

घरात धूर भरलेला. आम्ही आपापल्या जागी जाऊन उभे राहिलो. शिंपी मशीनला टेकून खोकत होता. माझ्या खिडकीची काच तापली होती.

यजमानांनी तोंडावर शर्टाची बाही धरली होती. “आलात?”

“आलो. पण काका, आग इथेच आहे,” शिंपी म्हणाला.

“मग?”

“मग जमायचं कुठे?”

त्या क्षणी गल्लीतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं. नकाशावर दुसरा ठिपका नव्हता. शिकवणीच्या बाई जिन्याखालून म्हणाल्या, “मावशींना विचारू या.” पण मावशी रांगेच्या शेवटी होत्या, आणि रांग संपत नव्हती.

यजमानांनी बाही खाली घेतली. इतकी वर्षं उचलून घ्यायची लाज वाटणारा माणूस, त्याने खुर्चीच्या दांड्यांवरचे हात सोडले.

“ठिपका कुठे आहे रे?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या खाली.”

“मग उचला. जिथे ठेवाल तिथे जमा.”

हे सगळ्यांना पटलं. खुर्ची उचलली गेली. चारच हातांची जागा होती, पण मागून येणारा जो तो हात लावत होता, आणि ज्यांचा हात पोचत नव्हता त्यांनी पुढच्याची पाठ धरली. दारात अडकलो. पाटीचा कोपरा यजमानांच्या कानाला लागला. मग अख्खं मैदान रस्त्यावर आलं.

स्वयंपाकघर जळालं, बाकी घर राहिलं. मावशी पोचल्या तेव्हा आम्ही रस्त्याच्या मधोमध, खुर्चीभोवती, आपापल्या ठरल्या जागी उभे होतो. शिंपी मशीन नसताना मशीनला टेकला होता. कुणीही जागा सोडेना, म्हणून मावशींना आत यायला वाट नव्हती. त्या कडेला उभ्या राहिल्या, शिट्टी ओठांत तशीच, श्वासागणिक बारीक वाजत.

“अगं, ती काढ तोंडातून,” यजमान आतून म्हणाले. “लोक परत निघतील.”