गाडी का घेत नाही?

अमेरिकेतल्या कॅरी गावात तेव्हा रस्त्यानं चालणारं माणूस दिसलं की लोक गाडी हळू करून बघायचे. बाई हरवलीय की घरातून भांडून निघालीय, असा काहीतरी प्रश्न त्यांना पडत असणार. फुटपाथ नावाची चीज नव्हती. रस्ता, मग खडीची पट्टी, मग गवत आणि मग एकदम चर. त्या गवतातून लेकीची जुनी बाबागाडी ढकलत मी किराणा आणायला जायची. लेक पाच वर्षांची. ती बाजूनं चालायची आणि बाबागाडीत तांदूळ, दूध, बटाटे बसायचे. एकदा एक म्हातारी गाडी थांबवून खाली उतरली, कौतुकानं बाळ बघायला वाकली आणि कोबी बघून परत गेली.

आता हे आठवून हसू येतं. तेव्हा यायचं नाही. मोठा ट्रक जवळून गेला की वाऱ्यानं बाबागाडी चराकडे कलायची आणि मी एका हातानं ती आणि दुसऱ्यानं लेकीचं मनगट धरून उभी राहायची. "मम्मी, यू आर हर्टिंग मी," असं ती ओरडायची. ट्रक दिसेनासा झाल्यावरच मी हात सोडायची.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. नवरा रिसर्च पार्कमधल्या एका कंपनीत इंजिनिअर होता, पगार चांगला होता. आजूबाजूच्या मराठी घरांत नवऱ्याची एक आणि बायकोची एक अशा गाड्या यायला लागल्या होत्या. आमच्याकडे एकही नव्हती. नव्हती म्हणजे आधी होती, ती विकली.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता नवरा ओट्यापाशी कोसळला. हातपाय झाडत होता, तोंडाला फेस आला होता. मी किंचाळत होते आणि लेक दारात उभी राहून बघत होती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हा फिटचा विकार आहे, औषधानं आटोक्यात राहील. पण औषधाचा डोस नीट बसेपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ एकही फिट न येता जाईपर्यंत गाडी चालवायची नाही. नवऱ्यानं मान हलवली आणि त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याला गाडी विकून टाकली.

मला गाडी येत नव्हती. शिकायला सुरुवात केली होती, पण दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांची पत्रपेटी आडवी केली आणि हाय खाल्ली. आता शिकायचं तर बाहेरच्या कोणाला तरी शिकवा म्हणावं लागलं असतं. मग नवरा का शिकवत नाही, हा प्रश्न आलाच असता. आणि त्याचं उत्तर कोणाला द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं.

ठरवलं नवऱ्यानं. पुण्यात नणंदेचं लग्न जुळवायचं चाललं होतं. एका चांगल्या स्थळाशी बोलणी पुढे सरकली होती आणि भावाला फिट येते हे कळलं असतं, तर त्या मंडळींनी नम्रपणे पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं असतं. आपल्याकडे हे कसं चालतं ते मला नव्यानं शिकायचं नव्हतं. अमेरिकेतली बातमी पुण्याला पोचायला कितीसा वेळ लागणार? प्रत्येकाची कोणी ना कोणी मावशी सदाशिव पेठेत होतीच. त्यामुळे आम्ही दोघंही त्या दुखण्याला घरात सुद्धा 'चक्कर' म्हणायचो. लेकीलाही तेच सांगून ठेवलं होतं.

मग लोकांनी आपापलं उत्तर शोधून काढलं. आम्ही चिक्कू आहोत. डॉलर साठवून पुण्यात बंगला बांधणार आहोत. दर महिन्याला कोणाच्या तरी घरी मराठी मंडळी जेवायला जमायची, तिथे हाच विषय निघायचा. "अरे, गाडी का घेत नाही? यार, मी येतो बरोबर, सेकंडहँड बघू," असं काका दर खेपेला म्हणायचे. काका म्हणजे आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, औषधांच्या कंपनीत काम करणारे गृहस्थ. सगळेच त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही. नवरा हसून म्हणायचा, "बघू पुढच्या महिन्यात." सगळे एकमेकांकडे बघायचे. माझी कानशिलं तापायची, पण बोलायची सोय नव्हती.

आणि ज्यांनी चिक्कू म्हणायचं त्यांच्याकडेच राइड मागायची. नवरा ऑफिसला एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर जायचा. त्याला थांबावं लागू नये म्हणून कडाक्याच्या थंडीतही आधीपासून कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा. बाकी सगळं मराठी लोकांवर. दाताचा डॉक्टर, लेकीचं शाळेत नाव घालणं, इंडियन ग्रोसरी. कोणाला कितीदा विचारलं याचा नवरा मनात हिशेब ठेवायचा. एका घरी लागोपाठ दोनदा फोन करायचा नाही. फोन लावायच्या आधी तो घसा साफ करायचा आणि रिसीव्हर हातात धरून नुसता उभा राहायचा. दहा माणसांसमोर इंग्रजीत भाषण ठोकणारा माणूस, पण "शनिवारी तुम्ही त्या बाजूला जाणार आहात का?" एवढं विचारताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात निघून जायची.

औषध चालू असूनही सप्टेंबरात त्याला पुन्हा फिट आली. या वेळी बाथरूममध्ये, कपाळाला खोक पडली. लोकांना दार लागलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, ग्रीन्सबरोला कोणाकडे तरी जेवण होतं. काकांनी आपणहून फोन केला, "आमच्याबरोबर चला." त्यांची लांबलचक स्टेशन वॅगन होती. पुढे काका आणि नवरा, मधल्या सीटवर काकू आणि मी, आणि सगळ्यात मागे, मागच्या काचेकडे तोंड करून बसायच्या सीटवर त्यांची दोन मुलं आणि आमची लेक. जाताना पोरं मागच्या गाड्यांना हात करत होती. जेवण झालं, गप्पा झाल्या, नेहमीचा विषयही झाला. दुपार कलताना आम्ही परत निघालो.

निम्मी वाट झाली असेल. काकांनी एकदम गाडी बाजूच्या पट्टीवर घेतली आणि थांबवली. चारही दिवे लुकलुकायला लावले आणि डोळे मिटून बसले.

"अर्धशिशी," काकू मला म्हणाल्या. "ह्यांना मधूनमधून होते. समोरचं अर्धं दिसेनासंच होतं."

काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "लायसन्स आहे ना रे तुझं?"

"आहे," नवरा म्हणाला. ते खरंच होतं. खिशात होतं.

"मग तू घे. मला नाही ड्राइव्ह करता येणार."

काकूंना गाडी येत नव्हती. 'हे आहेत ना' असं त्या म्हणायच्या. मी वाट बघत होते, नवरा आता काहीतरी कारण सांगेल. अशी गाडी चालवायची सवय नाही म्हणेल, चष्मा विसरला म्हणेल. तो दार उघडून उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि काकांच्या जागी बसला. काका सरकून पलीकडे गेले. नवऱ्यानं आरसा सारखा केला. आरशात क्षणभर माझ्याशी नजरानजर झाली आणि त्यानं आरसा आणखी थोडा फिरवला.

चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करायची, घरात अरे-तुरे. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "अहो, जरा थांबू या का इथेच? काकांना बरं वाटेपर्यंत?"

"कशाला?" काका म्हणाले. "हा आहे ना."

"ह्यांचीही काल झोप झालेली नाही."

"वहिनी, या वयात झोप कसली बघता? चल रे."

नवऱ्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. तो मान वळवून मागून येणाऱ्या गाड्यांत फट शोधायला लागला. त्या रस्त्यावर गाड्या सुसाट येत होत्या. मला स्वयंपाकघरातली ती सकाळ दिसत होती, फक्त आता त्याच्या पायाखाली ॲक्सिलरेटर होता.

मी दार उघडून खाली उतरले. गाडीच्या मागे गेले, मागचं दार उघडलं आणि लेकीला उचलून बाहेर काढलं. ती "व्हाय? व्हाय?" करत होती. तिला गवतावर उभं केलं आणि एक क्षण, खरं सांगते, मला वाटलं की झालं माझं काम. तेवढ्यात नजर वर गेली. काकांची दोन्ही मुलं त्या उलट्या सीटवर बसून माझ्याकडे बघत होती. धाकट्याच्या हातात लाडू होता. त्यांच्या आईबापांना काही माहीत नव्हतं आणि मी आपली पोर तेवढी उतरवून घेतली होती.

"काय झालं वहिनी?" काकांनी पुढून विचारलं. "त्याच्या ड्रायव्हिंगवर भरवसा नाही वाटतं?"

मी लेकीला दरडावलं, इथून हलायचं नाही. मग गाडीच्या कडेनं पुढे गेले. इतक्या जवळून गाड्या जात होत्या की ओढणी ओढल्यासारखी उडत होती. नवऱ्याच्या बाजूचं दार उघडलं, त्याच्या छातीवरून हात घातला, किल्ली उलटी फिरवली आणि खेचून काढली.

"किल्ली दे," तो हळू आवाजात म्हणाला.

"नाही देणार."

"सगळे बघतायत."

"बघू देत. अरे, तू सांगतोस की मी सांगू?"

माझं ते 'अरे' ऐकून काकूंनी चमकून माझ्याकडे बघितलं. नवरा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. त्याचा चेहरा मी इतका उतरलेला कधीच बघितला नव्हता. मला त्याची दया येत होती आणि त्याच वेळी एक ठेवून द्यावीशी वाटत होती.

"मला फिट येते," तो म्हणाला. समोरच्या काचेला सांगितल्यासारखं. 'चक्कर' नाही म्हणाला.

काकांनी डोळे उघडले होते.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"म्हणून गाडी घेत नव्हतास?"

"हो."

"अरे, आणि आम्ही तुला तोंडावर चिक्कू म्हणत होतो. तेव्हा तरी बोलायचंस."

"ते चालत होतं," नवरा म्हणाला.

आम्ही सगळे उतरून चरापलीकडे पाइनच्या झाडांखाली जाऊन बसलो. काका डोळ्यांवर रुमाल टाकून आडवे झाले. नवरा थोडा लांब, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. काकूंनी डब्यातल्या उरलेल्या पुऱ्या पोरांना दिल्या. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या नणंदेचं बघतायत ना? मी इथे काही ऐकलेलं नाही. आणि हेही कोणाला बोलायचे नाहीत, ते माझ्याकडे लागलं." मला एकदम रडू फुटलं. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पुढे नणंदेचं लग्न झालं आणि काकूंच्या तोंडून यातला एक शब्दही कधी बाहेर गेला नाही.

काकांना नीट दिसायला लागल्यावर त्यांनीच गाडी हळूहळू चालवत घरी आणली. उतरताना नवरा थँक्यू म्हणाला, तेवढंच.

संध्याकाळभर तो माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याला मी लोकांसमोर उघडं पाडलं म्हणून तो रागावलाय असं मला वाटत होतं, आणि मी काही माफी मागणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला निघण्यासाठी बुटाच्या नाड्या बांधत होता. लेक शाळेत गेली होती. मला राहवलं नाही.

"मी किल्ली काढली नसती तर?" मी विचारलं. "चालवली असतीस?"

तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "हो."

"मागे पोरगी बसलेली असताना?"

"हो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला अक्कल आहे का, असं काहीतरी मी ओरडणार होते. तो नाडीशी खेळत खाली बघूनच बोलत राहिला.

"इतके महिने आपण एकेकाला फोन करून मागतोय. दूध आणायला माग, डॉक्टरकडे जायला माग. काल पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे काही मागितलं. मला नाही म्हणवेना गं."

कोपऱ्यावरून सहकाऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तो गेला. मी दारात उभी होते. ओरडायला घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा किल्ली खेचून घेईन, याबद्दल मला आजही शंका नाही. फक्त त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला होणार नाही.