तेलाच्या वाटा

भुसावळात कुणाचा पाय आखूड असला, वाकडा असला किंवा त्यात जोर नसला, की लोक त्याला कामिनीकडे पाठवतात. स्टेशनपलीकडच्या वस्तीत तिच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत कातडं, लोखंडी पट्ट्या, ऐरण आणि जाड शिलाईचं मशीन असतं. मागच्या खोलीत ती आणि तिचे वडील, रुपचंदआबा, राहतात. ती पायाला आधार देणारे लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर बनवते, जाड तळाचे बूट बनवते.

तिचा स्वतःचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. शाळेत असताना शहरातून आणलेला कॅलिपर मांडीला असा काचायचा की रोज रक्त यायचं. आबा तिला धुळ्याला कॅलिपर बनवणाऱ्या अभिमन मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी पट्टी वाकवून, कातडं बदलून तो तिच्या पायाला बसवून दिला. पोरगी आपले हात टक लावून बघते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. शिकायचं असेल तर ये, म्हणाले. बारावी झाल्यावर ती खरंच गेली आणि कारागीर होऊनच परतली.

एक अडचण मात्र होती. ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज होती, ती माणसं भुसावळला येऊच शकत नव्हती. आणि कॅलिपर घालून, अवजारांची पिशवी खांद्याला लावून एसटीची पायरी चढणं तिलाही जड जायचं. मग रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी आपली जुनी निळी गाडी विकायला काढली. गाडी ऑटोमॅटिक होती. तिला डाव्या पायानं दाबायचा क्लच नव्हता, पायाशी फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. इकडे कुणी अशी गाडी घेत नाही म्हणून ती पडून होती. कामिनीनं ती घेतली, लायसन्स काढलं आणि पहिल्यांदा बोदवडच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कपाशी होती. शेजारी आबा मांडीवर हात ठेवून बसले होते. घरी परतल्यावर ते एवढंच म्हणाले, की तू गाडी चालवत होतीस तेव्हा मी तुझ्या पायाकडे एकदाही बघितलं नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं ती गाडी रावेर, मुक्ताईनगर, पार चाळीसगावपर्यंत फिरली.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडी बिघडली. धुळ्याहून परत येताना पारोळ्याच्या पुढे कामिनी चहाला थांबली होती. निघताना तिनं गिअरचा दांडा पुढच्या गिअरला ओढला, पण गाडी हललीच नाही. इंजिन चालू होतं, गाडी मात्र जागच्या जागी. मग एकदम धक्का बसून ती पुढे गेली. घरी येईपर्यंत असं अनेकदा झालं.

जळगावात तिनं दोन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्यानं सांगितलं, गिअरबॉक्स गेला, याचा दुसरा मिळायचा नाही, भंगारात काढा. दुसऱ्यानं ऑइलची काडी ओढून बघितली, नाकाशी नेली आणि पुसून परत ठेवली. ऑइल जळालं आहे, म्हणाला, पण आता बदलू नका. इतक्या जुन्या गाडीत नवं ऑइल घातलं की उरलीसुरली पकडही सुटते, गाडी दारातच उभी राहते. चालते तोवर चालवा.

तो माणूस खोटं बोलत नव्हता. असं झाल्याच्या गोष्टी कामिनीनंही ऐकल्या होत्या. ती घरी आली आणि काही दिवस गाडीला हात लावला नाही.

बोदवडजवळच्या खेड्यात झुलाल नावाचा गवंडी तिच्या बुटाची वाट बघत होता. परांचीवरून पडून त्याचा एक पाय आखूड झाला होता. बूट तयार होता, पण पायात घालून, तळ घासून बसवायला तिनंच जायला हवं होतं. शेवटी ती हायवेवरच्या हबीबभाईंकडे गेली. हबीबभाई ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स खोलतात. त्यांच्या मुलीचे, सदफचे, बूट कामिनीच करते.

हबीबभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "ताई, खरं सांगतो. अशा गाडीचा गिअरबॉक्स मी जन्मात उघडला नाही."

"मीही नाही," कामिनी म्हणाली. "मग दोघं मिळून उघडू."

"आणि नंतर चाललीच नाही तर?"

कामिनीनं गाडीकडे बघितलं. "आज तरी कुठे चालते आहे? मी भीतीनं तिला दारात उभीच केली आहे ना."

हबीबभाईंनी नाशिकच्या एका ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. काय करायचं, काय नाही, ते दोन-तीनदा विचारून घेतलं. त्याच्याकडूनच फिल्टर आणि पॅकिंग मागवलं. काडीवर ज्या जातीचं ऑइल लिहिलं होतं, तेच आणलं.

सामान आल्यावर एका सकाळी काम सुरू झालं. ट्रकसाठी खणलेल्या खड्ड्यावर त्यांनी गाडी उभी केली. कामिनी कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप सोडून, बसत बसत पायऱ्या उतरून खाली गेली. हबीबभाईंनी गिअरबॉक्सखालच्या चेंबरचे, म्हणजे तेलाच्या तबकाचे, बोल्ट एका बाजूनं ढिले केले. चेंबर तिरकं झालं आणि ऑइल घमेल्यात पडायला लागलं. नवं ऑइल डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. हे काळं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

चेंबरच्या तळाशी लोहचुंबक होतं आणि त्यावर राखाडी लगदा जमला होता. त्या लगद्यातच गाडीचं काय ते कळणार होतं. लोखंडाचे तुकडे निघाले तर आतले दाते तुटलेत असं समजा, असं नाशिकच्या मिस्त्रीनं बजावलं होतं. हबीबभाईंनी लगदा दोन बोटांत चोळला. मग तिनं चोळला. तो काजळासारखा मऊ होता. तुकडा कुठेच नव्हता.

मग त्यांनी फिल्टर खाली ओढला आणि बॅटरीचा उजेड वर टाकला.

 वर ॲल्युमिनियमची एक जाड पाटी होती, आणि तिच्या कडांमधून, फटींमधून जेवढं दिसत होतं तेवढ्यातही नुसत्या वाटाच वाटा होत्या. तेलाच्या बारीक बारीक वाटा वळत होत्या, एकमेकींना वळसा घालत होत्या, कुठे आत शिरून दिसेनाशा होत होत्या. मध्ये बोटाएवढे दट्टे होते, त्यांना नाजूक स्प्रिंगा. विजेच्या तारा अगदी मोजक्या. नाशिकच्या मिस्त्रीनं हबीबभाईंना सांगितलं होतं, की गाडी चढावर आहे की सपाटीवर, वेग किती आहे, हे सगळं या वाटांमधल्या तेलाच्या दाबानं ठरतं. दाब वाढला की एक दट्ट्या सरकतो, एक वाट बंद होते, दुसरी उघडते आणि गिअर पडतो.

हबीबभाई हळू आवाजात म्हणाले, "आयुष्यभर मी हातानं गिअर टाकत आलो. हे कुणी बसून विचार करून काढलं असेल, ताई?"

कामिनीला धुळ्यातले दिवस आठवले. गुडघ्याचं एक साधं कुलूप, चालताना बसावं आणि बसताना सुटावं, एवढं जमवायला तिला तिथे किती महिने लागले होते. आणि तिच्यासाठी इतकी वर्षं रोज, प्रत्येक चढाला आणि प्रत्येक वळणाला, इथे एवढं सगळं चाललेलं होतं. तिला त्याचा आवाजसुद्धा आला नव्हता. तिचे डोळे भरून आले. ऑइलच्या हातांनी पुसताही येईनात.

नवा फिल्टर मात्र बसेना. हबीबभाईंनी दाबून पाहिला, फिरवून पाहिला. कामिनीनं फिल्टर बसायच्या भोकात बोट घातलं तर आत कडेला जुनं रबराचं कडं चिकटून राहिलेलं लागलं. तिनं पिशवीतली कातड्याची बोथट आरी काढली आणि भिंतीला ओरखडा न पाडता ते सोडवलं. मग फिल्टर हलकेच आत गेला. चेंबर धुऊन, नवं पॅकिंग लावून त्यांनी आलटून पालटून समोरासमोरचे बोल्ट आवळले.

काडीच्या नळीतून ऑइल भरलं. इंजिन सुरू करून कामिनीनं ब्रेक दाबून ठेवला आणि दांडा प्रत्येक खाचेत थांबवत पुढे-मागे फिरवला. परत काडी बघितली, थोडं ऑइल वाढवलं. मग दांडा पुढच्या गिअरला ओढून तिनं ब्रेक सोडला.

गाडी क्षणभर थांबली. छोटासा धक्का दिला आणि निघाली.

झुलालचा बूट तिनं मागच्या सीटवर ठेवलाच होता. हबीबभाई शेजारी बसले आणि दोघं बोदवडकडे निघाले. सुरुवातीला प्रत्येक गिअरला दोघांचे कान गिअरबॉक्सकडे लागलेले होते. मग एका चढावर कामिनीच्या लक्षात आलं, की मघापासून गिअर कधी पडतो ते कळतच नाहीये. तिनं हबीबभाईंकडे पाहिलं. ते काचेतून बाहेर बघत मान हलवत होते.

झुलालच्या अंगणात तिनं तळ घासून बूट बसवला. तो भिंतीला धरून उभा राहिला, मग भिंत सोडून गोठ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. हबीबभाईंनी तेही डोळे भरून पाहिलं.

परतताना मोकळा रस्ता लागल्यावर त्यांनी थोडी गाडी चालवायला मागितली. पण त्यांचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा, आणि एकदा चुकून ब्रेकवरच पडला.

"त्या पायाला स्वस्थ बसू द्या, भाई," कामिनी हसून म्हणाली. "काम खाली चाललंय."

पहिल्या खेपेला जुनं ऑइल सगळं निघत नाही, अर्धं आतच राहतं. म्हणून काही आठवड्यांनी त्यांनी परत चेंबर उतरवलं. या वेळी ऑइल तांबूस आलं, धक्काही पुरता गेला. आता गाडी रोज बाहेर पडते. आणखी किती वर्षं चालेल, ते दोघांपैकी कुणी सांगत नाही.

त्या दुसऱ्या खेपेला हबीबभाईंची बायको, शहनाजभाभी, चहा घेऊन आली होती. नवरा घरी रोज ज्याचं वर्णन करत होता ते तिला बघायचं होतं. ओढणी सावरत ती खड्ड्यात उतरली. कामिनीनं बॅटरी धरली. भाभी मान वर करून खूप वेळ बघत राहिली. मग तिनं एका वाटेकडे बोट दाखवून विचारलं, की तेल इथून आत गेलं तर बाहेर कुठून येतं?

हबीबभाई मान वळवून त्या बोटाच्या दिशेनं बघायला लागले. कामिनीनंही त्या वाटेवरून नजर फिरवून पाहिली. तिसऱ्या वळणानंतर ती वाट आत कुठेतरी गेली आणि दिसेनाशी झाली. चहा वर गार होत होता, आणि तिघंही वरच बघत उभे होते.