पूजेत मांडलेली फाईल

बडोद्याच्या समा भागातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. दरवर्षी आमच्याकडे ‘पहिल्या स्त्रिया’ हा विषय येतो. पहिली डॉक्टर, पहिली शिक्षिका, पहिली वैमानिक. मी फळ्यावर लिहिते, मुलं पाठ करतात. यादी संपली की मला गोरव्यातल्या काकू आठवतात. त्या कुठल्याच यादीत नाहीत. पण त्या नसत्या तर मी आज फळ्यापुढे उभी नसते.

मी नवापूरची. शाळा गावातच झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीपुढे गेलं नव्हतं. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बी.ए.साठी मी बडोद्याला आले आणि गोरव्यात काकूंच्या घरातली एक खोली घेऊन राहिले. काकू सत्तरीच्या, एकट्या. मुलगी लग्न होऊन सुरतेला. गल्लीत सगळे त्यांना ‘बेन’ म्हणत, मी काकू.

तिसऱ्या वर्षाच्या नवरात्रात, अष्टमीला संध्याकाळी वडिलांचा फोन आला. “उद्या येतोय. सामान भरून ठेव, दाखलेही घे. धुळ्याचं स्थळ आहे, माणसं चांगली आहेत. परीक्षेचं पुढं बघू.”

पुढं बघू म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या कॉलेजचंही असंच पुढं बघायचं ठरलं होतं. तिला आता दोन मुलं आहेत.

मी काकूंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. “जेवायला असतील ना? मग बटाटे जास्त उकडू,” एवढंच म्हणाल्या. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. काकूंनी सकाळीच पाट मांडला. लाल कापडावर विळी, कात्री, हातोडी आणि मधोमध एक जुनं व्हर्नियर, म्हणजे कारखान्यात लोखंडी कामाची जाडी मोजायची सरकती पट्टी.

“तुझं हत्यार आण,” त्या म्हणाल्या.

मी पेन आणलं.

“पेन नाक्यावर मिळतं. तुझ्या घरात दुसऱ्या कोणाकडे नाही, असं काय आहे तुझ्याकडे?”

मी खोलीत गेले. भरलेल्या बॅगेत सगळ्यात वर दाखल्यांची फाईल होती. तीच आणली. काकूंनी ती व्हर्नियरच्या शेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

वडील दुपारी आले. हातपाय धुतले, सवयीने आधी पूजेपुढे वाकले, मग म्हणाले, “चल, तीनची गाडी आहे. दाखले घेतलेस?”

मी पाटाकडे बोट दाखवलं.

“भाऊ,” काकू म्हणाल्या, “मांडलेलं हत्यार उत्तरपूजेआधी उचलतात का तुमच्यात?”

डेपोत दर खंडेनवमीला वडील स्वतः पाने-पकडी मांडायचे आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा साहेबांची जीप बंद पडली तेव्हाही त्यांनी पाना उचलला नव्हता. ही गोष्ट त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल.

“नाही उचलत,” ते म्हणाले.

“मग जेवून घ्या. पुढचं उद्या बघू.”

जेवताना वडिलांची नजर सारखी व्हर्नियरवर जात होती. शेवटी त्यांनी विचारलंच, “तुमच्या साहेबांचं का हे?”

“माझं,” काकू म्हणाल्या. “हे गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला लागले. पण डोळा लेथवर, लोखंड गोल कातायच्या मशीनवर. जेवणाच्या सुट्टीत फोरमनने शिकवलं. साडीचा पदर मशीनमध्ये जायची भीती, म्हणून ह्यांचेच शर्ट-पँट आखूड करून घातले. सगळ्या कारखान्यात मशीनवर बाई मी एकटी. एकजण म्हणाला, बेन, आ रोटली वणवानुं मशीन नथी. पोळ्या लाटायचं मशीन नाही म्हणे हे.”

“मग?”

“म्हटलं, भाई, गोलच करायचंय ना? ते मला लहानपणापासून येतं.”

वडील हसले. ते आल्यापासून पहिल्यांदाच.

“काम दिलं, पण खंडेनवमीला माझं व्हर्नियर काही पूजेत घेईनात. बाईचं हत्यार म्हणे घरात असतं. म्हणून घरीच मांडायला लागले. रिटायर होईपर्यंत आणि नंतरही.”

बाहेर गरब्याचे स्पीकर लावून बघत होते. ती सगळी संध्याकाळ दोघं बेअरिंग, बुश आणि कुठल्या तेलाने गंज सुटतो यावर बोलत बसले. माझ्या लग्नाचा विषय निघाला नाही. मी आत बसून तो निघायची वाट बघत होते.

सकाळी काकूंनी अक्षता वाहून पूजा उतरवली आणि व्हर्नियर वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी बोटं रुमालाने नीट पुसली आणि जबडे उघडून उजेडात धरले.

“झिजलं नाही काही.”

“दुसऱ्याच्या हातात कधी दिलंच नाही. तुम्ही पहिले.”

वडिलांनी ते जपून खाली ठेवलं. मग फाईल उचलली. माझी गुणपत्रकं त्यांनी तोवर कधी उघडून पाहिली नव्हती, मी फोनवर सांगायचे तेवढंच. आता एकेक कागद हळूहळू उलटला.

“परीक्षा कधी?”

“मार्चमध्ये.”

त्यांनी फाईल बंद करून परत पाटावर ठेवली. “राहू दे इथंच. धुळ्याला मी कळवतो.” दाराशी त्यांनी काकूंना आपट्याची पानं दिली. “ताई, पोरगी तुमच्या हाताखाली राहू दे,” म्हणाले. नवा गडी उस्तादाकडे सोपवताना डेपोत म्हणतात तसं.

नंतर मी काकूंना विचारलं, फाईल मुद्दाम मांडून घेतलीत ना? त्या म्हणाल्या, “मला काय माहीत तुझ्या बॅगेत काय आहे? मी हत्यार आण म्हटलं. फाईल तू आणलीस.”

काकू आता सुरतेला मुलीकडे असतात. फाईलमध्ये पुढच्या दोन पदव्यांची भर पडली आहे, कव्हरवरचं त्या वर्षीचं कुंकू अजून पुरतं गेलेलं नाही. आणि दर खंडेनवमीला सकाळी नवापूरहून वडिलांचा फोन येतो.

“मांडलीस का?”